दाढीच्या आयरिसचे नाव कसे ठरवावे : हिमालयातील एका अल्पपरिचित जातीच्या निमित्ताने

आमच्या विद्यार्थ्यांची उन्हाळी अभ्यास सहल नांदेडहून सचखंड एक्स्प्रेसने दिल्लीला आणि तिथून ऋषिकेशमार्गे गढवालमधील चोपटा-तुंगनाथला जाते. मराठवाड्याच्या रणरणत्या मे महिन्यातून निघालेली मुले तीन-चार दिवसांत, बर्फ नुकताच वितळलेल्या कुरणांवर उभी असतात, आणि तिथे जमिनीला जवळजवळ चिकटून फुललेली, फिकट जांभळ्या रंगावर गडद डाग असलेली एक आयरिस सर्वांचे लक्ष वेधून घेते. दख्खनच्या पठारावर आयरिस रानटी अवस्थेत उगवत नाही. त्यामुळे एरवी ज्या ग्रंथाच्या आधाराने आपण इथल्या वनस्पतींची नावे ठरवतो, तो व्ही. एन. नाईक यांचा १९९८ सालचा मराठवाड्याच्या वनस्पतींवरील द्विखंडी ग्रंथ या वनस्पतीपुरता उपयोगी पडत नाही, आणि मुले मोबाइलवर दिसणाऱ्या पहिल्या छायाचित्रावरून नाव ठरवून मोकळी होतात.

विद्यार्थिदशेत मीही हेच केले होते. त्या वेळचे माझे हर्बेरियम शीट (वाळवलेले झाड चिकटवलेला जाड कागद) आजही विभागाच्या कपाटात आहे आणि त्याच्या लेबलावर माझ्याच अक्षरात ‘आयरिस नेपालेन्सिस, चोपटा’ एवढेच लिहिलेले आहे. त्या नावामागे लेखकनाम, म्हणजे ते नाव प्रथम प्रसिद्ध करणाऱ्या अभ्यासकाचे नाव, नाही आणि एकही मोजमाप नाही. अनेक वर्षांनी ते नाव दुरुस्त करायला बसलो तेव्हा लक्षात आले की या फुलाची निश्चिती ज्या दोन-तीन गोष्टींवर अवलंबून असते, त्या ताज्या फुलात पाच मिनिटांत पाहून होतात आणि वाळलेल्या फुलात त्यांच्यासाठी दोन दिवस घालवावे लागतात. म्हणून हे काम ज्या क्रमाने करावे असे मला वाटते, तो क्रम येथे सविस्तर मांडत आहे.

आधी फुलाचे अवयव ओळखा

आयरिसच्या फुलात पाकळ्यांसारखे दिसणारे नऊ भाग असतात, पण ते सर्व पाकळ्या नव्हेत. बाहेरची तीन परिदले खाली झुकतात, आतली तीन बहुधा उभी राहतात, आणि मधोमध जे तीन रंगीत, टोकाशी दुभंगलेले पट्टे दिसतात त्या किंजलाच्या शाखा होत. आपल्या अंगणातील कर्दळीत पाकळी म्हणून जे मिरवते ते खरे पाहता रूपांतरित पुंकेसर असते, हे आपण अकरावी-बारावीतच शिकतो. येथे तोच प्रकार किंजलाच्या बाबतीत आहे. प्रत्येक किंजलशाखेखाली एक पुंकेसर दडलेले असते आणि त्याच्या समोर झुकते परिदल असते. दाढी शोधायची ती या झुकत्या परिदलाच्या मध्यरेषेवर.

दाढी म्हणजे एकमेकांना खेटून उगवलेल्या बहुपेशीय केसांचा पट्टा. दहापट मोठे दाखवणाऱ्या हातभिंगातून पाहिले तर प्रत्येक केस सुटा दिसतो आणि सुईच्या टोकाने तो बाजूला सारता येतो. याउलट तुरा असलेल्या आयरिसमध्ये त्याच जागी पृष्ठभाग उचलला जाऊन कोंबड्याच्या तुऱ्यासारखा नागमोडी, सलग कंगोरा तयार झालेला असतो. तो सुईने विभागला जात नाही. हा फरक येथे निर्णायक आहे, कारण गढवालमध्येच आयरिस डेकोरा ही तुऱ्याची जातही आढळते. तिची मुळे मांसल व फुगीर असतात आणि जमिनीखालचे खोड अगदी लहान असते. केस सुटे झाले की डेकोरा यादीतून बाद होते. केस झडलेले असल्यास त्याच झाडाचे दुसरे फूल पाहावे. अंदाजाने ‘दाढी असावी’ असे मात्र लिहू नये.

अंडाशय शोधल्याशिवाय खोड मोजू नका

सर्वाधिक चुका या टप्प्यावर होतात, म्हणून येथे थोडे रेंगाळणे आवश्यक आहे.

पश्चिम हिमालयातील दोन दाढीच्या जाती एकमेकींशी फार जुळतात. पहिली आयरिस केमाओनेन्सिस आणि दुसरी आयरिस हुकेरियाना. दोघींच्या फुलांवर जांभळ्या रंगाचे डाग असतात, दोघींना झुकत्या परिदलांवरच दाढी असते, आणि दोन्ही उंच पर्वतीय कुरणांत वाढतात. रंगावरून त्या वेगळ्या करता येत नाहीत, कारण एकाच कुरणात फिकट निळसर ते गर्द जांभळी अशी सर्व छटांची फुले सापडतात. त्यांना वेगळे करणारा खरा भेद फूल कशाने वर उचलले गेले आहे, या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

कुरणावर गुडघे टेकून पाहिले तर दोन्ही फुले जमिनीपासून काही बोटे वर, दांड्यावर बसल्यासारखी वाटतात. तो दांडा हिरव्या, कागदासारख्या छदांनी (फुलाला वेढणाऱ्या पानांसारख्या आवरणांनी) गुंडाळलेला असतो आणि विद्यार्थी पट्टी लावून त्याची उंची ‘खोडाची लांबी’ म्हणून लिहितात. असे न करता आधी छद नखाने अलगद सोलावेत आणि अंडाशय कोठे आहे ते पाहावे. आयरिसचे अंडाशय परिदलांच्या खाली असते. ते फिकट हिरवे, किंचित त्रिकोणी आणि आसपासच्या भागापेक्षा थोडे फुगीर असल्यामुळे बोटाला लगेच जाणवते. त्याच्या खाली जे असेल ते खोड, आणि त्याच्या वर परिदले सुटी होईपर्यंत जे असेल ती परिदलनलिका. खात्री नसेल तर ब्लेडने अंडाशय आडवे कापावे. आत तीन कप्पे आणि त्यांत रांगेने लागलेली बीजांडे दिसली की शंकेला जागा उरत नाही.

केमाओनेन्सिसमध्ये अंडाशय जवळजवळ मातीपाशी, पानांच्या बेचक्यात सापडते. खोड नसल्यातच जमा असते आणि फूल वर उचलते ती साधारण ५ ते ७ सेंटिमीटर लांबीची परिदलनलिका. हुकेरियानामध्ये याच्या उलट स्थिती असते: खोड स्पष्ट, काही सेंटिमीटर उंच असते, अंडाशय त्या खोडाच्या वरच्या टोकाला असते आणि नलिका साधारण २ ते ३ सेंटिमीटरच भरते. केशराच्या फुलात अंडाशय जमिनीखाली आणि लांब नलिका वर, अशी रचना असते हे ज्यांनी चित्रात तरी पाहिले आहे, त्यांना केमाओनेन्सिसची ठेवण चटकन उमगेल. केशर याच इरिडेसी कुलातले आहे.

एकाच फुलाच्या मोजमापावर विसंबू नये. कुरणाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतील दहा-बारा फुलांची नलिका व खोड स्वतंत्रपणे मोजून वहीत दोन रकाने करावेत. मोजण्यासाठी फूल मुळासकट उपटण्याची गरज नसते; छद बाजूला सारून उभ्या रोपावरच पट्टी लावता येते. पानांच्या लांबीवरून मात्र काहीही ठरवू नये, कारण फुलोऱ्याच्या वेळी आखूड असलेली केमाओनेन्सिसची पाने फुले गेल्यावर पुष्कळ वाढतात आणि जुलैत तेच झाड वेगळेच वाटू लागते.

माझ्या जुन्या शीटवरील फूल दाबताना छदांसह चपटे झाले होते. कोमट पाण्यात भांडी धुण्याच्या द्रवाचा एक थेंब टाकून त्यात ते भिजत ठेवले, तासाभराने छद सुटे केले, आणि अंडाशय अगदी तळाशी, वाळलेल्या पानाच्या तळव्याला चिकटलेले सापडले. ज्याला मी पूर्वी खोड समजलो होतो, ती सबंध नलिका होती.

विभाग कोणता ते ठरवा

जातीचे नाव सुचले तरी ती कोणत्या गटात बसते हे स्वतंत्रपणे तपासावे, म्हणजे चूक असल्यास ती येथे उघडी पडते. ब्रायन मॅथ्यू यांनी १९८१ साली मांडलेली आयरिस प्रजातीची (अनेक जातींना सामावणाऱ्या गटाची) रचना आजही व्यवहारात वापरली जाते. त्यात दाढीच्या जाती आयरिस याच नावाच्या उपप्रजातीत येतात आणि तिचे सहा विभाग केलेले आहेत: आयरिस, सॅमिरिस, ऑन्कोसायक्लस, रेगेलिया, हेक्सापोगॉन आणि स्यूडोरेगेलिया.

या सहांतून निवड करताना बी फार मोलाचे ठरते. बागांत लावली जाणारी उंच दाढीची आयरिस ज्या विभागात येते त्या आयरिस विभागाच्या बियांना एरिल, म्हणजे बीला चिकटलेला मांसल तुकडा, नसते. स्यूडोरेगेलियाच्या बीच्या एका टोकाला पांढरट, मांसल असा लहान तुकडा चिकटलेला असतो. ऑन्कोसायक्लस आणि रेगेलिया यांच्यात तोच तुकडा बराच मोठा असतो. शिवाय रेगेलियामध्ये दाढी झुकत्या आणि उभ्या अशा दोन्ही परिदलांवर येते, तर स्यूडोरेगेलियात ती फक्त झुकत्या परिदलांवर असते. जमिनीखालचे खोडही उपयोगी आहे: स्यूडोरेगेलियाचे खोड आखूड, गाठीगाठींचे आणि दाटीवाटीने वाढलेले असते. वसमतच्या हळदीचे ताजे गड्डे ज्यांनी हाताळले आहेत, त्यांनी ती गाठाळ दाटी डोळ्यांसमोर आणावी. गाठाळ खोड, डागाळ फूल, एकाच स्तरावर दाढी आणि लहान एरिल या चार गोष्टी एकत्र आल्या की विभाग स्यूडोरेगेलिया, आणि केमाओनेन्सिस व हुकेरियाना या दोन्ही त्यातच मोडतात. याच विभागातील आयरिस गोनिओकार्पा पूर्व हिमालय व चीनकडे आढळते आणि अंगाने बरीच नाजूक असते.

अडचण एवढीच की सहल फुलांच्या दिवसांत जाते आणि बिया पावसाळ्यानंतर पिकतात. अशा वेळी बीविषयीचा रकाना रिकामा ठेवावा आणि पुढच्या वर्षी जाणाऱ्या तुकडीला जुन्या, वाळलेल्या फळांचे अवशेष शोधायला सांगावे.

डीएनएच्या अभ्यासांनी ही सारी रचना काही ठिकाणी हलवली आहे, हेही विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे. आपल्या बागांत पूर्वी बेलॅमकँडा म्हणून ओळखली जाणारी, नारिंगी ठिपकेदार फुलांची वनस्पती २००५ साली गोल्डब्लॅट आणि मॅबर्ली यांनी आयरिस प्रजातीत घेतली आणि तिचे नाव आयरिस डोमेस्टिका झाले. तिच्या फुलाकडे पाहून ते आयरिसचे आहे असे कोणीही म्हणणार नाही. म्हणून विभाग ठरवताना बाह्यलक्षणे वापरावीत, पण ती सारी नाती सांगतातच असे गृहीत धरू नये.

मग नावाचा इतिहास वाचा

झाडाची ओळख पटल्यानंतर त्याचे कायदेशीर नाव कोणते, हा वेगळा प्रश्न सुरू होतो, आणि माझ्या जुन्या लेबलाची खरी चूक येथेच उलगडली. ‘आयरिस नेपालेन्सिस’ हे नाव एकाच वनस्पतीला दिलेले नाही. ते आधी एका उंच, बागेतील दाढीच्या आयरिसला दिले गेले, जिला आज जर्मेनिका या संकरोत्पन्न समूहात धरतात. नंतर वनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड डॉन यांनी तेच नाव तुऱ्याच्या हिमालयी जातीसाठी वापरले. वनस्पतिनामांच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार एकच नाव दोन जातींना देता येत नाही आणि नंतरचे बाद होते. म्हणून तुऱ्याची जात वॉलिक यांनी दिलेल्या डेकोरा या नावानेच ओळखली जाते. माझ्या शीटवरील वनस्पती या दोहोंपैकी एकही नव्हती. लेखकनाम लिहिले असते, तर निदान माझी चूक कोणती होती हे तरी पुढच्या वाचणाऱ्याला कळले असते.

केमाओनेन्सिस या नावाचीही गंमतशीर वाटणारी पण गांभीर्याने घ्यायची एक बाजू आहे. ते कुमाऊँ या प्रदेशावरून आले आहे आणि ग्रंथांतून केमाओनेन्सिस, कुमाओनेन्सिस, कामाओनेन्सिस अशी तिन्ही रूपे आढळतात. प्रदेशाचा आजचा उच्चार लक्षात घेऊन ‘दुरुस्ती’ करण्याचा मोह होतो, पण संहितेचा दंडक असा की छपाईची किंवा वर्णलेखनाची उघड चूक वगळता मूळ प्रकाशनातील रूपच पाळायचे. ते मूळ प्रकाशन म्हणजे जॉन फोर्ब्स रॉयल यांचा हिमालयातील वनस्पतींवरील सचित्र ग्रंथ. त्यातील हा भाग १८३९ सालचा आहे. रॉयल हे सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख होते. या नावामागे वॉलिक, डॉन आणि रॉयल या तिघांची नावे वेगवेगळ्या याद्यांत वेगवेगळ्या जुळणीने लिहिलेली दिसतात. याचे कारण असे की नाव एकाने सुचवले आणि वर्णन दुसऱ्याच्या ग्रंथात छापले गेले. अशा वेळी कोणत्याही यादीतून नक्कल न करता मूळ पान उघडून पाहावे. बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या संकेतस्थळावर असे जुने ग्रंथ विनामूल्य वाचता येतात आणि लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या नामसूचीत पानाचा क्रमांक मिळतो. हुकेरियानाचे काम सोपे आहे: मायकेल फॉस्टर यांनी १८८७ साली जोसेफ हुकर यांच्या सन्मानार्थ ते नाव दिले.

मूळ वर्णन वाचले की प्ररूप नमुना पाहावा, म्हणजे ज्या प्रत्यक्ष वाळवलेल्या झाडाशी ते नाव कायमचे बांधले गेले आहे ते झाड. १ जानेवारी १९५८ पासून नव्या नावासाठी प्ररूप नोंदवणे सक्तीचे झाले. त्याआधीच्या नावांच्या बाबतीत नंतरच्या अभ्यासकांनी जुन्या संग्रहांतून तो निवडलेला असू शकतो. त्याचे छायाचित्र पाहताना फुलाच्या रंगाकडे पाहू नये, कारण पावणेदोनशे वर्षांत सर्वच फुले तपकिरी झालेली असतात; छदांच्या तळाशी अंडाशयाचा फुगवटा कोठे आहे तेवढेच शोधावे.

मराठी नावांविषयी एक सूचना. आयरिसच्या मुळ्यांना बाळवेखंड म्हटलेले आढळते, आणि युनानी औषधांत त्याच सोसन किंवा इरसा या नावांनी येतात. बाळाच्या गुटीतले वेखंड मात्र निराळ्या कुलातील अकोरस कॅलॅमस आहे. वाळलेल्या मुळीच्या तुकड्यावरून आयरिसची जात सांगण्याचा प्रयत्न करू नये आणि नावसाम्यावरून एकाच्या जागी दुसरे कोणालाही देऊ नये.

नमुना घेणे, वाळवणे, नोंदवणे

चोपटा-तुंगनाथचा परिसर केदारनाथ वन्यजीव अभयारण्यात येतो, त्यामुळे वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय एक पानही तोडू नये. परवानगी नसेल तर छायाचित्रांवर काम करावे, पण ती पद्धतशीर घ्यावीत: संपूर्ण रोप, झुकत्या परिदलाची दाढी जवळून, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे छद बाजूला सारून अंडाशय व नलिका दिसतील असे, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून. बहुतेक छायाचित्रे फुलाची वरून घेतलेली असतात आणि त्यांच्यावरून या दोन जातींत कधीच निवड करता येत नाही.

परवानगी असल्यास एक रोप पुरेसे आहे. गाठाळ खोड उभे चिरून दोन भागांत दाबावे, नाहीतर ते आतून ओले राहून बुरशी धरते. एक फूल उघडून, परिदले वेगळी पसरवून, तलम कागदाच्या घडीत ठेवावे आणि दुसरे फूल सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये बाटलीत जपावे. पुढे शंका आलीच तर तेच कामाला येते. वर्तमानपत्रांच्या घड्या पहिले तीन दिवस रोज बदलाव्यात. परत आल्यावर मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात शीट लवकर वाळते, पण खरी परीक्षा पहिल्या पावसानंतर असते, तेव्हा कपाटे दर आठवड्याला उघडून पाहावीत. जुनी शीटे हाताळताना हातमोजे घालावेत, कारण कीड लागू नये म्हणून पूर्वी त्यांना मर्क्युरिक क्लोराइडचे विषारी द्रावण लावत असत.

रोप जिवंत आणून इथे फुलवण्याचा विचार सोडून द्यावा. या आयरिसला बर्फाखालची थंडी लागते आणि आपली काळी, पाणी धरून ठेवणारी माती तिचे खोड पहिल्याच पावसाळ्यात कुजवते.

शेवटी निश्चितीची चिठ्ठी. ४२ बाय २८ सेंटिमीटरच्या शीटवर मूळ लेबल असेल तसेच राहू द्यावे. ते कितीही चुकीचे असले तरी फाडू किंवा खोडू नये, कारण संकलनाचे ठिकाण आणि काळ तेवढ्याच कागदावर असतो. त्याच्या वर किंवा शेजारी छोटी चिठ्ठी चिकटवून तिच्यावर पूर्ण नाव, लेखकनाम, निश्चिती करणाऱ्याचे नाव, वर्ष आणि निर्णय कोणत्या लक्षणावर घेतला ते एका ओळीत लिहावे. बी पाहिलेले नसेल, किंवा नलिकेची लांबी दोन्ही जातींच्या मधे येत असेल, तर जातीच्या नावाआधी ‘सी.एफ.’ लिहावे, म्हणजे ‘याच्याशी ताडून पाहावे’. दुसरी प्रत असेल तर ती भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या डेहराडून येथील संग्रहात तपासणीसाठी पाठवावी. तिथे त्याच प्रदेशातील शीटे शेजारी ठेवून पाहता येतात.

माझ्या शीटवर आता दोन कागद आहेत. खालचा जुना, ‘आयरिस नेपालेन्सिस, चोपटा’. वरच्या चिठ्ठीवर लिहिले आहे: ‘आयरिस सी.एफ. केमाओनेन्सिस, दाढी फक्त झुकत्या परिदलांवर, अंडाशय तळाशी, नलिका ६.१ सेंमी, बी पाहिलेले नाही.’